मियाजिमाची एका दिवसाची सहल: भरती-ओहोटी पाहून आखणी

हिरोशिमात मुक्काम असलेल्या कुटुंबाला मियाजिमा बेट एका दिवसात निवांत पाहता येते. मात्र दिवसाचे वेळापत्रक गाडीच्या वेळांवर न बेतता समुद्राच्या पाण्यावर बेतावे. बेटाचे मूळ नाव इत्सुकुशिमा. त्याच नावाचे शिंतो देवस्थान उथळ खाडीत खांबांवर उभे आहे आणि त्याच्यासमोर समुद्रात शेंदरी रंगाची प्रचंड लाकडी कमान, म्हणजे तोरी, आहे. भरतीच्या वेळी हे सारे पाण्यावर तरंगत असल्याचा भास होतो, तर ओहोटीला वाळू उघडी पडून कमानीच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येते. या दोन दृश्यांमध्ये साधारण सहा तासांचे अंतर असते आणि दोन्ही उजेडात पाहायची असतील, तर तारीख ठरवतानाच तक्ता पाहायला हवा.

स्थानिक पर्यटन संघटना भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करते. ढोबळमानाने पाण्याची पातळी २५० सेंटिमीटरच्या वर असेल तर मंदिर तरंगल्यासारखे दिसते आणि १०० सेंटिमीटरच्या खाली उतरली की कमानीपर्यंत चालता येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असल्याने दोन्ही गोष्टी साधण्याची शक्यता अधिक असते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. कोकणातल्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. इतरांनी तक्ता उघडण्यापूर्वी घरच्या दिनदर्शिकेतली तिथी पाहिली तरी पुरेसा अंदाज येतो. प्रत्यक्ष वेळ मात्र तिथल्या तक्त्यावरूनच घ्यावी.

हिरोशिमा स्थानकावरून जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, सान्यो मार्गाने सुमारे अर्ध्या तासात मियाजिमागुची येते आणि तिथून दहा मिनिटांत फेरीबोट बेटावर पोहोचते. दोन कंपन्यांच्या बोटी सुटतात. जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा रेल्वे पास, असेल तर जेआरचीच बोट घ्यावी, कारण तिचे भाडे पासात येते आणि दिवसाच्या बऱ्याच फेऱ्या कमानीच्या जवळून जातात. जाताना उजव्या बाजूला उभे राहावे. ऑक्टोबर २०२३ पासून पाहुण्यांना माणशी १०० येनचा वेगळा कर द्यावा लागतो. शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना तो लागू नाही.

धक्क्याबाहेर पडताच हरणे भेटतात. ती माणसाळलेली दिसली तरी रानटीच आहेत. त्यांना खायला घालू नये आणि नकाशे, तिकिटे, कागदी पिशव्या हातात लोंबकळत ठेवू नयेत. हरीण मागून येऊन कागद ओढते आणि तो चावून गिळूनही टाकते. लहान मुलांना हे आधीच बजावून ठेवावे.

देवस्थानाला आजचे भव्य रूप तैरा नो कियोमोरी या सामुराई सरदाराने ११६८ च्या सुमारास दिले. आतला मार्ग एकेरी असल्याने मागे फिरता येत नाही, तेव्हा छायाचित्रे जिथल्या तिथे काढावीत. मुलांना पायाखालच्या फळ्या दाखवाव्यात: त्यांच्यामधल्या फटी मुद्दाम ठेवलेल्या आहेत, म्हणजे मोठ्या उधाणात पाणी वर येऊन निसटते आणि तळ उचकटत नाही. कमान १८७५ सालची आहे. तिचे कापराच्या लाकडाचे खांब जमिनीत पुरलेले नाहीत. वरच्या पोकळ तुळईत दगड भरले असून सारा डोलारा स्वतःच्या वजनावर उभा आहे. तिथवर चालत जाताना वाळूत डबकी आणि शेवाळ असते, म्हणून भिजली तरी चालतील अशी पादत्राणे हवीत. खांबांच्या भेगांत नाणी खोचू नयेत. शेजारच्या दाइगान्जी मंदिरातली बेन्झाइतेन ही आपली सरस्वतीच आहे. आजी-आजोबा बरोबर असतील तर हे दर्शन चुकवू नये.

दोन पाण्यांच्या मधला वेळ कुठे घालवायचा, हे कुटुंबाच्या पायांवर अवलंबून आहे. मिसेन पर्वत ५३५ मीटर उंच असून रोपवे शिखरापर्यंत जात नाही. शेवटच्या स्थानकापासून चढउताराची सुमारे अर्ध्या तासाची वाट उरते आणि तेवढेच परतायचे असते. गुडघे दुखणारे कोणी असेल किंवा बाळ कडेवर असेल, तर मिसेन सरळ वगळावा. त्याऐवजी पायथ्याचे दाइशो-इन हे बौद्ध मंदिर अधिक रंजक आहे: पायऱ्यांच्या मधोमध कठड्यावर मंत्र कोरलेली धातूची चक्रे आहेत, ती फिरवत मुले कुरकुर न करता वर पोहोचतात, आणि पुढे विणलेल्या टोप्या घातलेल्या पाचशे अर्हतांच्या, म्हणजे बुद्धाच्या शिष्यांच्या, लहानग्या मूर्ती आहेत. दुपारी टेकायला सेन्जोकाकु उत्तम. जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये बांधायला घेतलेले आणि त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिलेले हे विशाल सभागृह चहूबाजूंनी उघडे असून, पादत्राणे काढून फळ्यांवर बसले की समुद्राचा वारा लागतो.

शाकाहारी कुटुंबाने जेवण बरोबर न्यावे हे बरे. बेट कालवांसाठी आणि आनागो या सागरी वामीसाठी प्रसिद्ध आहे, आणि साध्या दिसणाऱ्या नूडल्सच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो. बहुतेक दुकाने संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होऊ लागतात, म्हणून खरेदी त्याआधी उरकावी. मेपलच्या पानाच्या आकाराचे मोमिजी मान्जू गोड असले तरी त्यांच्या पिठात अंडे असते, हे घरी वाटण्यासाठी खोके घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे.