तीन वाक्यांची भूमिका मिळाली? मग जायमन हॉन्सू असा बघा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या तालमीच्या खोलीत राज्य नाट्य स्पर्धेची तयारी करणारी पोरं येतात. नायक सगळ्यांनाच व्हायचं असतं. ज्याच्या वाट्याला तीन वाक्यं येतात, तो तोंड पाडून कोपऱ्यात बसतो. त्याला मी हॉलिवूडचा नट जायमन हॉन्सू बघायला लावतो.

सुरुवात 'अमिस्टॅड' या सिनेमापासून (१९९७) करा. पहिली काही मिनिटं आवाज बंद. मे महिन्यात कूलर सुरू असला की तसंही काही ऐकू येत नाही. अंधारात हॉन्सूची बोटं जहाजाच्या लाकडातला खिळा उकरतायत, बोटं रक्ताळलीत, श्वास चढलाय. एकदा फक्त बोटं बघा, एकदा फक्त डोळे. मग आवाज लावा. तो बोलतो ती सिएरा लिओनमधली मेंडे भाषा त्याची नव्हे. तो बेनिनमधल्या कोतोनूचा, जन्म १९६४चा. पोरवयात फ्रान्सला गेला, पॅरिसच्या रस्त्यांवर झोपला, मग मॉडेल झाला. मेंडे तो या भूमिकेसाठी शिकला. आणि आमच्याकडे झाडीबोलीतली, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीतली, चार वाक्यं पाठ करताना कुरकुर!

'ग्लॅडिएटर'मध्ये (२०००) नजर रसेल क्रोवर जाईल, ती हटवा. समोरचा बोलत असताना हॉन्सूचा जुबा कसा ऐकतो, तेवढंच बघा.

खरा अभ्यास 'ब्लड डायमंड'चा (२००६). नदीच्या पाण्यात उभ्या सॉलोमनला, म्हणजे हॉन्सूला, मोठा हिरा सापडतो. पहारेकरी बंदुका घेऊन तिथेच. तो हिरा पायाच्या बोटांत दाबतो आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. इथे थांबवा. आता पायाच्या बोटांत चिंचोका धरा आणि समोरच्याशी चहाच्या उधारीवरून भांडा. चिंचोका कोणत्या पायात आहे हे बघणाऱ्याला कळलं, की पुन्हा पहिल्यापासून. एक पोरगा म्हणाला, "सर, तो तं काईच करून नाई राह्यला न!" म्हटलं, तेच शिकायचं आहे बाप्पा.

या भूमिकेसाठी आणि त्याआधी 'इन अमेरिका'साठी त्याला साहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही. 'ईआर', 'एलियस' या मालिकांतली कामं सवडीने बघा. 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' (२०१४) आणि 'शझॅम' (२०१९) पोरांनी आधीच पाहिलेले असतात. चेहरा सगळे ओळखतात, नाव विचारलं की गप्प.

एवढी ओळख असूनही २०२५च्या एका मुलाखतीत त्याने सांगितलं, की पोटापाण्यासाठी अजून झगडावं लागतं, मोबदला कमीच मिळतो. मुंबईत काम मिळालेल्या पोराला मी हे मुद्दाम ऐकवतो. विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट नंतर काढ; आधी मानधन किती, किती दिवसांचं आणि कधी मिळणार, हे कागदावर लिहून घे.