काळ्या दगडापासून सुरुवात: ब्लॉक गेमसाठी सोळा रंगांत टेक्श्चर कशी करावीत

माइनक्राफ्टमधल्या दगडाच्या ब्लॉकची एक बाजू म्हणजे १६ बाय १६ पिक्सेलचे चित्र. एकूण २५६ ठिपके. एवढे चित्र कुणालाही काढता येते. अडचण पुढे येते. दगड, वीट, लाकूड, गवत अशी चार-पाच चित्रे वेगवेगळी पाहताना छान दिसतात, पण गेममध्ये त्यांचे घर बांधले की भिंत डोळ्यांना खुपते आणि छप्पर दुसऱ्याच कुठल्या गेममधून आणल्यासारखे वाटते. टेक्श्चर, म्हणजे ब्लॉकवर चढवलेले हे चित्र, एकटे कधीच दिसत नाही. खेळणारा त्याचे शेकडो नग एकमेकांना चिकटवून लावतो आणि बरेचदा ते लांबून पाहतो. म्हणून चित्र ब्लॉकचे काढायचे नसते, भिंतीचे काढायचे असते. या लेखातली प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे.

जुन्या व्हिडिओ गेमची मोजक्या रंगांची पद्धत इथे फार उपयोगी पडते, निव्वळ आठवणींसाठी नव्हे. निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा टीव्हीवर गेम खेळायचा संच १९८३ मध्ये जपानमध्ये आला. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून, कॅसेट घालून जे गेम खेळले जायचे, त्यांतले बरेच संच त्याच्याच नकला होत्या. त्या यंत्रात मागच्या दृश्यासाठी एका वेळी चार पॅलेट, म्हणजे रंगांचे ठरावीक गट, मिळत. प्रत्येकात तीन स्वतःचे रंग आणि एक सगळ्यांना सामाईक, म्हणजे सगळे मिळून १३. आणि कुठल्या जागी कुठले पॅलेट लागणार, हे १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनामागे एकदाच ठरवता येई. आपल्या ब्लॉकचे मापही नेमके तेवढेच आहे. तेव्हा नियम तिथूनच घेऊ: ब्लॉकच्या चित्रांच्या सगळ्या संचाला मिळून सोळा रंग, एका ब्लॉकला जास्तीत जास्त चार, आणि त्या चारांतला एक गडद रंग सगळ्या ब्लॉकमध्ये सामाईक. हा सामाईक रंग संचाला एकत्र बांधून ठेवतो. तो वगळून पाहा, फरक लगेच कळेल.

साधने

पिक्सेलोरामा आणि लिब्रस्प्राइट ही पिक्सेलची चित्रे काढायची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. असेप्राइट विकत घ्यावे लागते. काहीच इन्स्टॉल करायचे नसेल तर पिस्केल ब्राउझरमध्ये चालते. मोबाइलवर बोटाने काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बोटाखाली नेमका तो पिक्सेलच झाकला जातो. जुना लॅपटॉप आणि साधा माउस पुरतो. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती नसेल तर लुआंटी हे तसेच ब्लॉकचे गेम चालवणारे सॉफ्टवेअर घ्यावे. पूर्वी त्याला माइनटेस्ट म्हणत. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि अगदी साध्या कॉम्प्युटरवरही चालते.

आधी रंग, मग चित्र

इथे घाई करू नये. सोळा रंग ठरायला एक संध्याकाळ लागली तरी ती वाया जात नाही. इंटरनेटवर तयार पॅलेट भरपूर आहेत आणि काही फार सुंदर आहेत, पण ठाण्यात राहणाऱ्याने ते उचलण्याआधी एकदा बाहेर पडून पाहावे. आपला सगळा परिसर दख्खनच्या बसाल्टचा आहे. येऊरच्या वाटेवरचा कातळ, जुन्या कंपाउंडच्या भिंतींचा काळा दगड, पारसिकच्या डोंगराचा कापलेला कडा हे सगळे एकाच जातीचे. तो दगड नीट पाहिला तर काळा नसतो. सावलीत तो जांभळट निळा दिसतो आणि उन्हात राखाडी, किंचित पिवळसर. चेंदणी कोळीवाड्यासारख्या जुन्या वस्तीत मंगलोरी कौलाचे छप्पर दिसले तर त्याचे निरीक्षण करा. नवे कौल नारिंगी असते, दोन-चार पावसाळे खाल्लेले कौल तपकिरीकडे झुकते आणि कडांना काळपट हिरवे होते. तलावपाळीला मासुंदा तलावाचे पाणी भर दुपारीही निळे नसते, ते हिरवट करडे असते.

या पाहण्यातून मी बांधलेले पॅलेट खाली देतो. आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमाने आहेत.

दगडाच्या सहा छटा: २६-२४-३६, ५२-५०-६२, ८४-८४-९४, १२२-१२४-१२८, १६८-१७०-१६४ आणि चुन्याचा पांढरट २२८-२२४-२०४. विटा-कौलांच्या चार: ७४-३४-३८, १३२-५४-४४, १८४-८८-५६, २२२-१३८-८४. हिरव्या तीन: ३०-५६-४८, ६६-१०६-५८, १३८-१६०-७४. लाकडा-मातीचा एक: १४०-१०४-७२. पाण्याचे दोन: ४४-७८-१०४ आणि ९६-१४८-१५६.

दगडाचे आकडे क्रमाने वाचा. गडद टोकाला निळ्याचा आकडा मोठा आहे आणि उजळ टोकाकडे जाताना तो मागे पडत जातो. म्हणजे रंग फक्त उजळत नाही, सावलीत थंड आणि उन्हात उबदार होतो. एकाच राखाडीत काळा-पांढरा मिसळून छटा केल्या की चित्र मेल्यासारखे दिसते. नवशिक्यांच्या संचात सर्वांत जास्त हेच आढळते, आणि दुरुस्ती इतकी सोपी आहे की ती न करणे म्हणजे चांगल्या मेहनतीवर पाणी सोडणे.

सामाईक रंग म्हणून ५२-५०-६२ घ्या. शुद्ध काळा पॅलेटमध्ये मुद्दाम ठेवलेला नाही. २६-२४-३६ सुद्धा कोळशाची खाण, दाराची फट अशा मोजक्या जागांसाठीच राखून ठेवा.

मग सोळाही रंग ओळीने मांडून चित्र राखाडीत बदलून पाहा. विटेचा १८४-८८-५६ आणि लाकडाचा १४०-१०४-७२ राखाडीत जवळजवळ एकसारखे दिसतात. हे माहीत असले की उपायही सापडतो: विटांमधले सांधे फिकट ठेवायचे आणि फळ्यांमधल्या फटी गडद. मग लांबूनही दोन भिंती वेगळ्या ओळखू येतात. गवताला याच कारणाने सर्वांत उजळ हिरवा मुख्य रंग म्हणून द्यावा. मधला हिरवा दिला तर राखाडीत तो दगडाशी मिसळतो.

पहिला ब्लॉक: दगड

नवी फाइल १६ बाय १६. रंगांची पद्धत ‘इंडेक्स्ड’ निवडा, म्हणजे पॅलेटबाहेरचा रंग चुकूनही शिरत नाही. ब्रश एका पिक्सेलचा, कडा मऊ करण्याचा पर्याय बंद.

संपूर्ण चौकोन ८४-८४-९४ ने भरा. आता १२२-१२४-१२८ घेऊन चार-पाच आडवे, वेडेवाकडे पट्टे काढा. प्रत्येक तीन ते पाच पिक्सेल लांब आणि एक-दोन पिक्सेल उंच. काही पट्ट्यांच्या खाली सामाईक गडद रंगाची आखूड रेघ द्या. उजेड वरून येतो आणि खाली सावली पडते, एवढेच डोळ्यांना सांगायचे आहे. निम्म्याहून जास्त चौकोन मूळ रंगाचाच राहू द्या. मोकळी जागा असली तरच दगड घट्ट वाटतो.

एकटा सुटा पिक्सेल ठेवू नका. हा नियम मी सर्वांत कडक मानतो. सुटे ठिपके एका ब्लॉकवर खरखरीत आणि छान वाटतात, पण भिंतीवर त्यांचे हजारो ठिपके होतात आणि चालताना अख्खी भिंत लुकलुकते. बसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे असतात, ती दाखवायची असतील तर दोन-दोन पिक्सेलची एक-दोन पुरेत, आणि तीही मूळ रंगापेक्षा एकच पायरी गडद. कुठलीही खूण फार उठून दिसली की भिंतीवर ती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसते आणि दगडी भिंत छापील साडीच्या बुट्ट्यांसारखी दिसू लागते.

कडा जुळवणे

चित्र आठ पिक्सेल उजवीकडे आणि आठ पिक्सेल खाली सरकवा. जो भाग बाहेर जाईल तो समोरच्या बाजूने आत आला पाहिजे. असे केल्यावर चारही कडा मधोमध येतात आणि न जुळलेल्या जागा उघड्या पडतात. त्या दुरुस्त करा आणि चित्र परत जागेवर न्या. असेप्राइटमध्ये आणि पिक्सेलोरामात टाइल मोड आहे. तो चालू ठेवला तर काढतानाच आजूबाजूला तेच चित्र दिसत राहते. मी तो सुरुवातीपासून चालू ठेवतो. शेवटी आठ बाय आठ नगांची भिंत एका फाइलमध्ये मांडा, झूम शंभर टक्क्यांवर आणा आणि खुर्ची मागे सरकवून पाहा. नजर कुठे अडकली, तर ती जागा पुसा.

वीट, लाकूड, गवत

विटेचे गणित ठरलेले आहे. तीन पिक्सेल उंच वीट आणि एक पिक्सेल सांधा, असे चार थर बरोबर १६ मध्ये बसतात. विटेची लांबी सात, उभा सांधा एक. प्रत्येक पुढचा थर चार पिक्सेलने सरकवला की गवंडी लावतो तशी सांधेमोड होते, आणि थर सम संख्येचे असल्याने वर-खालचे ब्लॉकही आपोआप जुळतात. मुख्य रंग १८४-८८-५६, खालच्या कडेला १३२-५४-४४, सांधा १६८-१७०-१६४. सामाईक गडद रंग फक्त दोन-तीन विटांच्या कोपऱ्यांत. सगळ्या विटा एकाच रंगाच्या नकोत. एखाद-दुसरी पूर्ण वीट गडद ठेवा, पण शेजारशेजारच्या नकोत.

लाकडाच्या फळ्या सोप्या आहेत: चार फळ्या, फटींना सामाईक रंग, रेषांना ७४-३४-३८. शेवाळलेल्या दगडासाठी आपल्या दगडाच्या तीन रंगांत ३०-५६-४८ मिळवा. सांध्यांतून आणि खालच्या कडेनेच तो पसरू द्या, जसा जुलैमध्ये आपल्या भिंतींवर पसरतो.

गवताशी मात्र थोडे झगडावे लागते. माइनक्राफ्टमध्ये गवताच्या वरच्या बाजूचे मूळ चित्र राखाडी असते आणि प्रदेशाप्रमाणे गेम त्यावर हिरवा रंग चढवतो. आपण स्वतः हिरवे काढले तर हिरव्यावर हिरवा चढतो आणि पॅलेट मोडते. उपाय असा: टेक्श्चरच्या फोल्डरात ‘कलरमॅप’ नावाचा भाग असतो. त्यातली गवताची आणि पानांची २५६ बाय २५६ ची चित्रे पूर्ण पांढरी करून आपल्या पॅकमध्ये, म्हणजे गेमला द्यायच्या आपल्या चित्रांच्या फोल्डरात, ठेवा. पांढऱ्याने काही बदलत नाही, त्यामुळे आपले हिरवे तसेच दिसते. स्प्रूस आणि बर्च या झाडांच्या पानांचे रंग गेममध्येच पक्के बसवलेले आहेत, तिथे ही युक्ती लागू होत नाही. ती पाने राखाडीतच काढावीत. लुआंटीवर चालणाऱ्या ‘माइनटेस्ट गेम’ नावाच्या गेममध्ये गवताचे चित्र आधीच रंगीत असते, त्यामुळे ही अडचण येतच नाही.

दोन रंग एकाआड एक ठिपक्यांनी मिसळण्याची जुनी युक्तीही इथे जपून वापरावी. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर ते ठिपके एकमेकांत विरघळत आणि तिसरा रंग भासे. आजच्या मॉनिटरवर ते ठिपकेच दिसतात. मी ती युक्ती वाळूपुरती ठेवतो.

पॅक तयार करणे

चित्रे पीएनजीतच साठवा. जेपीजीमुळे कडांना नवे मळकट रंग तयार होतात आणि सगळी शिस्त जाते. काच आणि पाने यांत पारदर्शक पिक्सेल पूर्ण पारदर्शक असावा, अर्धवट नको.

माइनक्राफ्टसाठी एक फोल्डर करा. त्यात ‘असेट्स’, त्यात ‘माइनक्राफ्ट’, त्यात ‘टेक्श्चर्स’, त्यात ‘ब्लॉक’ असे एकात एक फोल्डर. सगळी नावे इंग्रजी लहान अक्षरांत हवीत. फाइलींची नावे मूळ नावांशी तंतोतंत जुळली पाहिजेत. ती पाहायची असतील तर गेमच्या आवृत्तीची जार फाइल झिपसारखी उघडते. नावे तिथून घ्या, चित्रे मात्र स्वतःची काढा. गेमची मूळ चित्रे थोडी बदलून पुढे वाटणे परवान्यात बसत नाही. सर्वांत बाहेरच्या फोल्डरात ‘पॅक.एमसीमेटा’ नावाची छोटी मजकूर फाइल लागते. तिच्यात पॅकचे वर्णन आणि फॉरमॅटचा क्रमांक असतो. हा क्रमांक आवृत्तीनुसार बदलतो. १.२०.१ साठी तो १५ आहे. हे फोल्डर गेमच्या ‘रिसोर्सपॅक्स’मध्ये ठेवून सेटिंगमधून चालू करा. चित्र बदलल्यावर गेम बंद करायची गरज नाही. एफ३ दाबून ठेवून टी दाबले की नवे चित्र येते. एका खिडकीत चित्र आणि दुसऱ्या खिडकीत गेम ठेवून काम करण्यात खरी मजा आहे.

लुआंटीत हे आणखी सोपे आहे. ‘टेक्श्चर्स’ फोल्डरात आपल्या पॅकच्या नावाचे फोल्डर करायचे आणि मूळ नावांच्या पीएनजी फाइली त्यात टाकायच्या.

गेममधली तपासणी

आधी व्हिडिओ सेटिंगमध्ये मिपमॅप बंद करा. ते चालू असले की लांबचे ब्लॉक पुसट होऊन पॅलेटबाहेरचे रंग दिसतात. कोपऱ्यांतली सावली मऊ करणारे स्मूथ लायटिंगही बंद करून पाहा. ही दोन्ही बंद केली तरी गेम प्रत्येक ब्लॉकच्या बाजू वेगवेगळ्या उजेडात दाखवतो: वरची बाजू पूर्ण, समोरासमोरच्या दोन बाजू ८० टक्के, उरलेल्या दोन ६० टक्के आणि तळ ५० टक्के. म्हणून चित्रात सावली फार गडद घालू नये. गेम स्वतःची सावली वरून घालतोच, आणि ६० टक्क्यांच्या बाजूवर आपली गडद रेघ जवळजवळ काळी होते. दगड आणि वीट तपासताना त्याच बाजूसमोर उभे राहा.

तपासणीसाठी एक छोटे कौलारू घर बांधा: काळ्या दगडाचे जोते, विटांच्या भिंती, फळ्यांचे दार, टेराकोटाचे छप्पर, पुढे गवत आणि पाण्याचा एक चौकोन. टेराकोटाला ७४-३४-३८, १८४-८८-५६, २२२-१३८-८४ आणि सामाईक रंग द्या. घर दुपारी पाहा, सूर्य मावळताना पाहा, मशाल लावून रात्री पाहा. मशालीच्या उजेडात भिंत सपाट पडली तर मधल्या दोन छटा एकमेकींच्या फार जवळ आहेत असे समजावे. पॅलेटमध्ये त्यांतल्या उजळ छटेचा प्रत्येक आकडा दहाने वाढवा. इंडेक्स्ड पद्धतीत प्रत्येक ठिपका रंगाचा क्रमांक लक्षात ठेवतो, त्यामुळे पॅलेटमधला आकडा बदलला की त्या चित्रातले सगळे ठिपके एकदम बदलतात. तेच पॅलेट प्रत्येक फाइलमध्ये पुन्हा लावायचे आणि पीएनजी नव्याने साठवायच्या. चित्राला हात लावावा लागत नाही.