मुलांना शहराच्या रहदारीत सायकल चालवायला कसे शिकवावे

"कडेकडेने चालव आणि घंटी वाजवत जा." मुलाच्या हाती सायकल देऊन त्याला रस्त्यावर पाठवताना बहुतेक घरांत एवढाच उपदेश होतो. गेली बारा वर्षे उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यात मुलांना सायकल शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, यातला पहिला भाग धोक्याचा आणि दुसरा निरुपयोगी आहे. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई त्या काळात रहदारी वेगळी शिकावी लागत नसे, कारण शेजारून जाणाराही बहुधा सायकलवरच असे. आता शेजारून पीएमपीची बस जाते. पुढे लिहिले आहे ते साधारण दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. सायकल उंचीला बेताची आहे, चाकांत हवा आहे, दोन्ही ब्रेक लागतात आणि डोक्याला नीट बसणारे हेल्मेट आहे, एवढे मी गृहीत धरते.

तोल आणि ब्रेक

तोल येत नसेल तर दोन्ही पॅडल काढावीत, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्यावी आणि सौम्य उतारावर सोडून द्यावे. मूल दोन-चार दिवसांत शिकते. (डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. हे न जाणता पाना लावून जोर करणाऱ्या दोन वडिलांनी माझ्यादेखत क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्या दांड्यात बसते त्याचे, आटे खराब केले आहेत.) सीट धरून मागे पळण्याने पालकांचा व्यायाम होतो, मुलाचा तोल सुधारत नाही.

ब्रेकसाठी मैदानावर फक्कीची एक रेघ मारावी आणि पुढचे चाक तिच्यावर थांबेपर्यंत सराव करून घ्यावा. "पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील" हे ऐकून आलेली मुले फक्त मागचा ब्रेक दाबतात आणि रेघेच्या पुढे फरफटत जातात. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याची ताकदही तिथेच अधिक असते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू घट्ट करत आणि बसल्या जागी थोडे मागे सरकून दाबावेत.

मागे पाहणे

खरी अडचण इथे आहे. सरळ जाणारी सायकल तसूभरही न हलवता उजव्या खांद्यावरून मागे पाहता येणे, ही शहरात सायकल चालवण्याची किमान पात्रता आहे असे मी मानते. ज्याला हे जमत नाही तो कितीही मोठा असला, कितीही वेगाने चालवत असला, तरी त्याने मैदान सोडू नये. ही अट मी पहिली दोन वर्षे घातली नव्हती, कारण मला तिचे महत्त्व कळले नव्हते. "वळायच्या आधी मागे वळून बघ" एवढे सांगून मी मोकळी होत असे. सातवीतला एक मुलगा मैदानावर अगदी सफाईदार चालवत होता. गल्लीत आल्यावर त्याने मी सांगितले तसे मागे पाहिले आणि त्याच क्षणी सायकलसह अर्धा रस्ता उजवीकडे गेला. मागच्या रिक्षाने करकचून ब्रेक लावला म्हणून निभावले. रिक्षावाले काका मुलाला काही बोलले नाहीत, मला बोलले. आणि ते योग्यच होते.

दोष मुलाचा नव्हता. दोन्ही हात ताठ ठेवून मागे वळले की उजवा खांदा मागे जातो, त्याच्याबरोबर उजवा हात हँडल मागे ओढतो आणि सायकल उजवीकडे, म्हणजे नेमकी मागून येणाऱ्या गाडीच्या वाटेत जाते. "सरळ चालव" असे ओरडून हे सुटत नाही. कोपर सैल हवेत, खांदे समोरच राहावेत आणि फक्त मान वळून हनुवटी उजव्या खांद्याला टेकावी. ज्यांची मान तेवढी वळत नाही त्यांना मी उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवायला सांगते. मग कमरेपासून वळले तरी हँडल ओढणारा हातच उरत नाही, आणि डाव्या हाताने हँडल नुसते सांभाळायचे असते, आवळायचे नसते.

सराव असा घ्यावा. आधी सायकल उभी ठेवून, दोन्ही पाय टेकवून, नुसती हनुवटी खांद्याला लावायला सांगावे. नंतर एकमेकींपासून वीतभर अंतरावर फक्कीच्या दोन रेघा वीसेक मीटर लांब ओढाव्यात आणि त्यांच्यामधून सायकल न्यायला सांगावे. आपण रेघांच्या सुरुवातीला मागे उभे राहून "बघ" म्हणावे आणि हाताची काही बोटे वर करावीत. मुलाने मागे पाहून आकडा ओरडून सांगावा आणि पुन्हा समोर पाहावे. मुले लबाड असतात. बहुतेक मोठी माणसे दोन बोटे दाखवतात हे त्यांना लगेच कळते आणि मागे न पाहताच "दोन!" असे उत्तर येते, म्हणून मधूनच मूठ बंद ठेवावी. पाहताना पॅडल मारणे थांबले की वेग पडतो आणि सायकल डुलते, त्यामुळे पाय फिरते राहिले पाहिजेत. नजर मागे राहावी ती सेकंदभरच: ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने सायकल एका सेकंदात चार मीटरहून अधिक पुढे जाते आणि पुण्यात चार मीटरांत खड्डा येऊ शकतो. म्हणून आधी समोर वाट मोकळी आहे ना ते पाहावे, मगच मागे. सलग दहा वेळा आकडा बरोबर आला आणि चाक रेघेला लागले नाही, तर हा टप्पा झाला. कुणाला दोन दिवस लागतात, एका मुलीला तीन आठवडे लागले होते आणि आज माझ्या ओळखीत सर्वांत सावध चालवणारी तीच आहे.

हँडलला आरसा लावून हे टाळता येईल असे सांगणारे पालक दर वर्षी भेटतात. आरसा जरूर लावावा. पण खडबडीत रस्त्यावर तो थरथरतो आणि त्यात अगदी शेजारी आलेली दुचाकी दिसत नाही.

उजवे वळण

मागे पाहणे पक्के झाल्यावरच हात दाखवणे शिकवावे. पाहणे, उजवा हात सरळ बाहेर काढून दोन-तीन सेकंद दाखवणे, हात पुन्हा हँडलवर आणणे, पुन्हा एकदा पाहणे आणि मग सरकणे, हा क्रम बदलू देऊ नये. मुले पाहणे आणि हात दाखवणे एकदमच उरकतात. हात दाखवला म्हणजे वाट मिळाली, असा त्यांचा समज असतो. मागची गाडी खरोखर सावकाश झाली का, हे दुसऱ्यांदा पाहिल्यावरच कळते. या सगळ्याला आठ-दहा सेकंद लागतात, म्हणून सुरुवात चौकाच्या चाळीसेक मीटर आधी व्हायला हवी. रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत हा सराव उत्तम होतो. नळस्टॉपसारख्या चौकात मात्र हे शहाणपण दाखवू नये. तिथे उतरावे आणि सायकल हातात धरून झेब्रा क्रॉसिंगवरून जावे.

कड, बस आणि उलटी दिशा

कडेला अगदी चिकटून चालवल्यास वाळू, चेंबरची झाकणे आणि उभ्या मोटारींची अचानक उघडणारी दारे वाट्याला येतात. शिवाय कडेच्या सायकलला मागचा चालक वीतभर अंतर ठेवून ओलांडू पाहतो. कडेपासून सुमारे एक मीटर सोडून, सरळ रेषेत चालवावे. उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरू नये, कारण पुढच्या गाडीपाशी पुन्हा बाहेर यावेच लागते. थांबलेल्या किंवा डावीकडे वळणाऱ्या बसच्या डाव्या बाजूने कधीही पुढे जाऊ नये. वळताना तिचे मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जाते आणि तिथली सायकल चालकाला दिसत नाही.

फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकेरी आहेत, आणि शंभर पावलांचा वळसा वाचवण्यासाठी मुलेच काय, मोठेही उलटे येतात. त्यांना साधा हिशेब सांगावा: सायकल पंधराने आणि मोटार चाळीसने एकाच दिशेने जात असेल तर फरक पंचवीसचा, समोरासमोर असेल तर बेरीज पंचावन्न.

एकटे सोडणे

क्लासचा किंवा शाळेचा एकच मार्ग ठरवावा. पहिला आठवडा आपण सायकलने मुलाच्या मागे, थोडे उजवीकडे राहून जावे आणि शक्यतो गप्प राहावे. दुसऱ्या आठवड्यात फक्त अवघड चौकात पदपथावर उभे राहावे. त्यानंतर जाऊ नये. मात्र पहिला पाऊस पडला की मूल कितीही कुरकुरले तरी अर्धा तास मैदानावर परत न्यावे, कारण रिमवर दाबणारे ब्रेक ओल्या चाकावर उशिरा लागतात आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या निसरड्या होतात. फक्कीची रेघ तेव्हा वाहून जाते, म्हणून तिच्या जागी दोन विटा ठेवाव्यात.