कॉलेजचा ॲथलेटिक्स कोच व्हायचंय? आधी नजर कमवा

नवा कोच आला की मुलं तो स्वतः काय खेळलाय ते शोधून काढतात. तोंडावर कुणी विचारत नाही, पण दोन दिवसांत सगळ्यांना तुमचं टायमिंग माहीत असतं. ते दमदार असेल तर महिनाभर दबदबा राहतो. त्यानंतर मुलांना एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: आपली उडी कुठे बिघडतेय हे या माणसाला दिसतं का?

मी ४०० मीटर धावायचो. कॉलेजात कोच म्हणून लागलो तेव्हा संघात धावणारे होते, तसेच गोळाफेक, भालाफेक, तिहेरी उडी आणि अडथळ्यांच्या शर्यतीवालेही होते. या सगळ्यांना मिळून कोच मी एकटा. मोठ्या संघांत स्प्रिंटला वेगळा, थ्रोला वेगळा असे कोच असतात. बाकी ठिकाणी एकाच माणसाने सगळं बघायचं. त्यामुळे या पेशात येणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं की आपला इव्हेंट बाजूला ठेवा आणि ज्यातलं काहीच कळत नाही अशा एका इव्हेंटपाशी जाऊन उभे राहा. तिथेच तुम्ही कोच होता. स्वतःच्या इव्हेंटमध्ये तुम्ही फक्त आठवणी सांगत असता.

मी गोळाफेकीपाशी उभा राहिलो. नवखा माणूस गोळ्याकडे आणि हाताकडे बघतो. मीही तेच करायचो. एका जुन्या थ्रो कोचने सांगितलं, ‘गोळा कुठे पडला ते टेप सांगेल. तू पाय बघ.’ उजव्या हाताने फेकणारा सर्कलच्या, म्हणजे फेकीसाठी आखलेल्या वर्तुळाच्या, मध्यावर येऊन शेवटच्या फेकीला सुरुवात करतो, तेव्हा त्याच्या उजव्या टाचेवर नजर ठेवा. ती उचलून बाहेरच्या बाजूला वळली, तर कंबर वळलीय आणि पायांचं बळ गोळ्यापर्यंत पोचतंय. टाच जमिनीला चिकटून राहिली, तर उरलेलं काम एकटा खांदा करणार. खांदा कितीही तगडा असो, पायांची बरोबरी त्याला जमत नाही. हे दिसायला लागलं की मुलाला ‘जोर लाव’ म्हणण्याची गरजच राहत नाही. ‘टाच वळव’ एवढं पुरतं.

आणि खरंच एवढंच म्हणायचं. एका फेकीनंतर एकच सूचना. पाच चुका दिसल्या म्हणून पाच सांगितल्या, तर पुढच्या फेकीला मुलगा सर्कलमध्ये उभा राहून फक्त विचार करतो.

दिसलेली प्रत्येक वेगळी गोष्ट चूक असते असंही नाही. उंच उडी मारणारा डिक फॉसबरी अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात आला तेव्हा बारवरून पाठ खाली करून जायचा. त्याचे कोच बर्नी वॅग्नर यांनी सुरुवातीला त्याला प्रचलित पद्धतच घोटायला लावली. पण मुलगा त्याच्या त्या विचित्र उडीनेच जास्त उंची गाठतोय हे दिसल्यावर त्यांनी हट्ट सोडला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये फॉसबरीने २.२४ मीटरची उडी मारून सुवर्णपदक जिंकलं, आणि आज उंच उडीत जवळपास सगळे त्याच्याच पद्धतीने उडतात. लोक ही गोष्ट फॉसबरीची म्हणून सांगतात. मला त्यातला वॅग्नर जास्त आवडतो. आपण शिकवत आलेली पद्धत मागे घेणं कोचला किती जड जातं, ते हे काम केल्यावरच कळतं.

नजरेची खरी परीक्षा ४ × १०० रिलेत. बॅटन घेणारा स्वतःच्या लेनमध्ये मागे एक टेप चिकटवतो, जास्तीत जास्त ५ × ४० सेंटिमीटरची. ती किती मागे लावायची ते टाचेला बोटं जोडत पावलं मोजून ठरतं. येणारा धावपटू त्या टेपवर पोचला की घेणाऱ्याने सुटायचं, अगदी जीव तोडून, मागे न बघता. बॅटन त्यासाठी आखलेल्या ३० मीटरच्या झोनमध्येच बदलला पाहिजे. सरावात मुलं नेहमी टेपच्या आधी सुटतात किंवा वळून बघतात, आणि मग सगळे हाताच्या पोझिशनवर वाद घालत बसतात. हात बहुधा ठीकच असतो. तुम्ही टेपच्या रेषेत, लेनच्या बाहेर उभे राहा आणि फक्त दोन पाय बघा: येणाऱ्याचा टेपवर पडणारा आणि घेणाऱ्याचा पहिला हलणारा. बॅटनकडे बघायचंच नाही. घेणारा वेळेवर सुटूनही दोघांतलं अंतर मिटत नसेल, तर टेप एक-दोन पावलं पुढे आणा. येणारा अंगावर येत असेल तर मागे न्या. आणि हे दमलेल्या पायांनी करू नका. दमलेल्या धावपटूंवर बसवलेली टेप स्पर्धेच्या दिवशी, पाय ताजे असताना, खोटी ठरते.

स्टॉपवॉचचं सांगतो, कारण निम्म्या संघाचे गैरसमज तिथे असतात. वॉच बंदुकीच्या आवाजावर सुरू करू नका, धुरावर किंवा ठिणगीवर करा. १०० मीटर लांबून आवाज यायला साधारण ०.३ सेकंद लागतात, म्हणजे मुलाला तेवढी वेळ फुकट मिळते. थांबवायचं ते छाती रेषेवर आल्यावर, डोकं किंवा हात आल्यावर नाही. हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशावर धरतात, वॉचवर १२.११ दिसलं तरी नोंद १२.२. इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना १०० आणि २०० मीटरला आणखी ०.२४ मिळवायचे. हे आधीच सांगून ठेवलंत तर पहिल्या मोठ्या स्पर्धेनंतरची रडारड वाचते.

आता कॉलेजचा भाग. क्लबच्या कोचकडे खेळाडू वर्षानुवर्षं असतो. तुमच्याकडे तो तीन-चार वर्षं असणार, त्यातही परीक्षा, प्रोजेक्ट आणि रात्रभर जागून केलेल्या सबमिशन्स. तुमचं वेळापत्रक त्यांच्या वेळापत्रकाला शरण जातं. परीक्षेच्या आठवड्यात मी जोराचा सराव ठेवत नाही. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, असल्याच आठवड्यांत धरतात. सकाळी आलेल्या मुलाला ‘किती धावलास’च्या आधी ‘किती झोपलास’ विचारा.

शाळेत चॅम्पियन असलेली काही मुलं कॉलेजात येऊन अडकतात. बऱ्याचदा ती इतरांपेक्षा लवकर वाढलेली असतात, एवढंच. इतरांनी गाठलं की त्यांना वाटतं कोच बदलल्यामुळे झालं. त्यांच्या पालकांनाही तसंच वाटतं. ऐकून घ्यायचं.

लांब पल्ल्याच्या मुलींबद्दल मात्र मी कडक आहे. वजन कमी झालं की सुरुवातीला टायमिंग सुधारतं, म्हणून काही कोच त्याचं कौतुक करतात. पाळी थांबणं हे जोरदार ट्रेनिंगचं लक्षण नाही, शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याचा इशारा आहे, आणि त्याच्या मागोमाग स्ट्रेस फ्रॅक्चर येतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला ‘रेड-एस’ (खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणं) असं नाव दिलं, आणि हे मुलग्यांनाही होतं असं स्पष्ट केलं. संघासमोर कुणालाही वजनकाट्यावर उभं करू नका. शंका आली की डॉक्टर. तिथे कोचने उपाय सांगायचा नसतो.

दोन गोष्टींत सवलत नाही. पहिली म्हणजे फेकीचा सराव: सगळ्यांच्या फेकी संपल्याशिवाय कुणीही भाले किंवा थाळ्या आणायला सेक्टरमध्ये, म्हणजे त्या पडतात त्या भागात, शिरायचं नाही, आणि आणलेलं साधन चालत परत आणायचं, फेकून नाही. दुसरी म्हणजे सप्लिमेंट. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच असते. ‘डब्यावर लिहिलं नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) बंदी असलेल्या पदार्थांची यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. ती तुम्ही वाचायची.

वाचायचं म्हणजे नियमपुस्तकही. निकालाविरुद्ध प्रोटेस्ट करायचा तर निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत, आणि आधी रेफरीकडे तोंडी. ही ३० मिनिटं कोच चिडण्यात घालवतात. एन्ट्री फॉर्म, गाडी, नंबर, पिना यांत तर अर्धी नोकरी जाते. त्याबद्दल काय लिहायचं!

शिरकाव कसा करायचा? पदवी आणि कोचिंगचा सर्टिफिकेट कोर्स बहुतेक ठिकाणी लागतो, पण त्याची वाट बघत बसू नका. स्पर्धांत अधिकारी म्हणून हात द्या. उडीच्या पिटवर मोजायची टेप धरून दिवसभर बसलात की शंभर टेक-ऑफ जवळून दिसतात, तेही वेगवेगळ्या कोचच्या मुलांचे. सुरुवातीची वर्षं बहुधा सहायक म्हणून, कमी पगारात आणि दरवर्षी नूतनीकरण होणाऱ्या करारावर जातात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा.

आणि मुलाखतीला गेलात तर पगाराइतकेच हे प्रश्न महत्त्वाचे: मैदान कोणत्या वेळेला ॲथलेटिक्सला मिळतं आणि तेव्हा तिथे दुसरा कोणता खेळ असतो? थाळीफेकीच्या पिंजऱ्याची जाळी धड आहे का? सरावाच्या वेळी फिजिओ किंवा प्रथमोपचाराचं कोण असतं? खेळाडूला दुखापत झाली तर खर्च कुणाचा? मुलींच्या प्रवासाला सोबत कोण जातं? कोचची निवड अंतिम असते की वरून कुणी नाव बदलू शकतं? शेवटच्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर ऑफर लेटर हातात आलं तरी लगेच सही करू नका. आधीच्या कोचला गाठून तो का गेला ते विचारा.