पती-पत्नींनी एकमेकांचे भिडू होऊन ब्रिज कसे खेळावे आणि त्यावर कसे लिहावे

ज्या पती-पत्नींना ब्रिज हा पत्त्यांचा खेळ स्पर्धांत जोडीने खेळायचा आहे आणि पुढे त्याविषयी लिहायचेही आहे, त्यांनी डावाविषयीचे सर्व मतभेद कागदावर सोडवायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे. चांगला खेळ आणि चांगले लेखन दोन्ही त्याच कागदातून घडतात, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात बोलीच्या वहीपासून करावी. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ असे गुण धरून एक बिनहुकूमाची (कोणताही रंग हुकूम नसलेली) बोली १५ ते १७ गुणांवर लावायची, एवढे बहुतेक जोड्या ठरवतात आणि तेथेच थांबतात. खरी गफलत त्यानंतर होते. आपल्या एक बिनहुकूमावर प्रतिस्पर्ध्याने दोन बदाम म्हटले, तर भिडूचा डबल म्हणजे शिक्षा (प्रतिस्पर्ध्याची बोली बुडेल, असे सांगणे) की विचारणा (तू तुझा रंग सांग, असे म्हणणे)? हे वहीत लिहिलेले नसेल, तर दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि डाव बुडतो. असा प्रत्येक प्रसंग त्याच रात्री वहीत नोंदवावा, दोघांनी त्याखाली सही करावी आणि स्पर्धेला जाताना दोघांची कन्व्हेन्शन कार्डे (जोडीची बोलीची पद्धत लिहिलेली कार्डे) शब्दन् शब्द सारखी आहेत याची खात्री करून घ्यावी.

टेबलावर पती-पत्नींना इतर जोड्यांपेक्षा अधिक जपावे लागते. वर्षानुवर्षे एका घरात राहिलेल्या माणसांना एकमेकांचा उसासा, भुवईची हालचाल, पत्ता ठेवतानाचा जोर, सगळे कळते, आणि ब्रिजच्या नियमांनुसार अशा प्रकारे कळलेल्या माहितीचा फायदा घेता येत नाही. भिडू बोली लावण्यापूर्वी रेंगाळला आणि त्या रेंगाळण्याने एखादी बोली सुचवली, तर दुसरा समंजस पर्याय हाती असताना ती सुचवलेली बोली लावणे नियमबाह्य ठरते. म्हणून बिडिंग बॉक्समधून (बोलीची छापील कार्डे ठेवलेल्या पेटीतून) कार्ड काढण्याचा वेग नेहमी एकसारखा ठेवण्याचा सराव घरीच करावा, आणि दोन डावांच्या मधल्या वेळात “अहो, चौकट का नाही परतवलीत?” असा प्रश्न ओठांवर आला तरी तो तेथेच थांबवावा. प्रतिस्पर्धी तो प्रश्न ऐकतात आणि पुढच्या डावात तुमच्यातील अस्वस्थतेचा लाभ उठवतात, तेव्हा येथे संयम हा खेळाचाच भाग आहे.

मुंबईत या संयमाला लोकलची चांगली मदत होते. रविवारी संध्याकाळी जिमखान्यातील स्पर्धा संपवून दादरहून डोंबिवलीकडे निघालेल्या जोडप्यातील पत्नी महिलांच्या डब्यात आणि पती जनरल डब्यात चढला, तर घर येईपर्यंत वाद होऊच शकत नाही. तेवढ्या वेळात दोघांनी आपापल्या स्मरणातून एकच डाव, त्यातील चारही बाजूंची पाने आणि बोली लिहून काढावी. घरी पोहोचल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणाला काय दिसले आणि काय दिसलेच नाही, ते आपोआप समोर येते. एका दिवसाचा एकच डाव घ्यावा. दहा डावांची झाडाझडती घेतल्यास भांडणाखेरीज हाती काही लागत नाही.

त्या कागदाचा लेख कसा होतो, हे एका डावावरून पाहू. ब्रिजच्या लेखात चार खेळाडूंना दिशांची नावे देतात. दक्षिणेचा करार तीन बिनहुकूमाचा आहे, म्हणजे तिला तेरापैकी नऊ हात करायचे आहेत. तिच्याकडे इस्पिकची एक्का-७-४ आणि डमीकडे (पाने टेबलावर उघडी मांडणाऱ्या तिच्या भिडूकडे) ६-२ ही पाने आहेत. बदाम व किलवर मिळून चार हात पक्के आहेत. चौकटीत डमीकडे एक्का-राणी-गुलाम-१०-९ आणि दक्षिणेकडे तीन लहान पाने आहेत. पश्चिमेने इस्पिक राजाची उतारी केली. लेखात वाचकाला येथेच थांबवावे आणि फक्त ही दोनच बाजूंची पाने दाखवावीत, कारण चारही बाजू उघड्या दाखवल्या की विचार करण्यासारखे काही उरत नाही. त्यानंतर ‘सातचा नियम’ सांगावा: दोघांची मिळून इस्पिकची पाने पाच, सातातून पाच वजा केल्यावर दोन उरतात, म्हणून एक्का दोनदा रोखून धरायचा आणि तिसऱ्या फेरीत घ्यायचा. इस्पिक ५-३ वाटले गेले असतील, तर आता पूर्वेकडे इस्पिक शिल्लक नाही. चौकटीचा फिनेस (राजा पश्चिमेकडे असेल या आशेने डमीतून राणी लावण्याची चाल) फसून पूर्वेला राजाचा हात मिळाला, तरी ती इस्पिक खेळून पश्चिमेला हात देऊ शकत नाही. एक्का पहिल्याच किंवा दुसऱ्याच फेरीत घेतला असता, तर बचावाचे इस्पिकचे चार आणि चौकटीचा एक असे पाच हात झाले असते. नॉन-व्हल्नरेबल (बुडाल्यास दंड कमी असलेल्या स्थितीत) असताना पूर्ण झालेल्या कराराचे ४०० गुण आणि एक हात बुडाल्यास उणे ५०, एवढे अंतर दोन वेळच्या धीराने पडते.

या डावाचा मसुदा कोणी लिहावा? ज्याच्या हातून तो बुडाला, त्याने. भिडूने लिहिलेला तोच लेख आरोपपत्रासारखा वाचला जातो, तर खेळणाऱ्याने स्वतः लिहिले की त्या क्षणी मनात कोणता हिशेब चालू होता, ते वाचकाला कळते आणि लेखाला जीव येतो. दुसऱ्याने तपासणी करावी: प्रत्येक बाजूला १३ पाने आहेत का, प्रत्येक रंगाची बेरीज १३ होते का, एखादे पान दोन ठिकाणी आलेले नाही ना, आणि स्पर्धा पेअर्सची (जोड्यांची) होती की टीमची (संघांची), हे लिहिले आहे का. पेअर्समध्ये तोच डाव खेळलेल्या इतर जोड्यांशी तुलना होते, म्हणून एका जादा हातासाठीही धोका पत्करणे योग्य ठरू शकते, टीममध्ये करार पुरा करण्याला महत्त्व असते. हा संदर्भ सुटला तर उत्तम सल्लाही चुकीचा वाटतो. चुकलेल्या प्रतिस्पर्ध्याचे नाव छापू नये.

या वाटेने गेलेली जोडपी अभ्यासण्यासारखी आहेत. एली आणि जोसेफिन कल्बर्टसन यांनी १९२९ मध्ये ‘द ब्रिज वर्ल्ड’ हे मासिक सुरू केले आणि १९३१-३२ मध्ये न्यूयॉर्क येथे ब्रिजतज्ज्ञ सिडनी लेंझ यांच्याविरुद्धचा १५० रबरचा (रबर म्हणजे दोन गेम आधी जिंकण्याची फेरी) गाजलेला सामना जिंकला. त्यात एलीच्या समोर बहुतेक वेळा जोसेफिन बसत. मात्र १९३८ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला, हेही विसरू नये. डोरोथी आणि ॲलन ट्रस्कॉट यांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते: ॲलन १९६४ पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ब्रिजचे सदर लिहीत होते, डोरोथी जगज्जेत्या खेळाडू आणि स्प्लिंटर बोलीच्या (भिडूच्या रंगाला पाठिंबा देतानाच आपल्याकडे एखाद्या रंगाचे एकच पान आहे किंवा एकही नाही, हे सांगणाऱ्या बोलीच्या) जनक होत्या, आणि दोघांनी मिळून पुस्तकेही लिहिली.

मोठ्या स्पर्धांचे खुला, महिला आणि मिश्र असे गट असतात. एकत्र खेळण्यासाठी मिश्र गट सर्वांत सोयीचा. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत भारताच्या मिश्र संघाने कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून या गटाकडे गंभीरपणे पाहिले जाते. तरीही वर्षातून काही स्पर्धा दोघांनी वेगवेगळ्या भिडूंबरोबर खेळाव्यात आणि तेथे शिकलेले बोलीचे संकेत वहीच्या स्वतंत्र भागात लिहावेत. घरच्या पद्धतीत ते घ्यायचे की नाही, हे महिनाभर बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर) सराव करून मगच ठरवावे.