स्टेबल की नवीन? लिनक्स निवडताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो: डेबियन या लिनक्सच्या स्टेबल, म्हणजे पक्क्या आवृत्तीत सिडची, म्हणजे अजून घडत असलेल्या आवृत्तीची रेपो (पॅकेजांचं भांडार) घुसवणं.

जुलैचा शेवटचा आठवडा. जिंतूरला ओळखीच्या सेवा केंद्राबाहेर पीक विम्यासाठी रांग, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा. मशीनवर डेबियन 12, तेव्हाचं स्टेबल. तिथल्या पोराला नवं लिब्रेऑफिस (फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर) हवं होतं, म्हणून आदल्या रात्री त्यानं कुठूनतरी सिडची ओळ उचलून सोर्सेसमध्ये, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत चिकटवली. नव्या पॅकेजला नवी लिबसी (जवळपास सगळ्या प्रोग्रामांचा पाया असलेली लायब्ररी) लागते, तिच्यामागे बाकीचं ओढलं गेलं, आणि काय काय काढून टाकणार याची पानभर यादी एपीटीनं (डेबियनच्या पॅकेज टाकणाऱ्या साधनानं) दाखवली. पोरानं न वाचता 'वाय' दाबलं. सकाळी नुसता काळा पडदा. मी परभणीहून पोचलो. डाउनग्रेडला, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जायला डेबियनचा आधार नसतो, त्यामुळे होम फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन सगळं नव्यानं टाकलं. तोवर दुपारची एसटी धरून बरीच माणसं गावी परतली होती. ते मला अजून टोचतं. नवं लिब्रेऑफिस बॅकपोर्ट्समधून (स्टेबलसाठी बांधलेली नवी पॅकेजं) किंवा फ्लॅटपॅकनं (सिस्टीमपासून वेगळं राहणारं पॅकेज) मिळालं असतं, बाकी सिस्टीमला हात न लावता.

दुसरी चूक, स्टेबल म्हणजे जुनाट आणि असुरक्षित समजणं. स्टेबल म्हणजे न बदलणारं. आवृत्तीचा आकडा तोच राहतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच जुन्या आवृत्तीत बसवून येतात. नुसता आकडा बघून नाक मुरडू नका.

सोर्सेसमध्ये 'स्टेबल' लिहू नका, आवृत्तीचं नाव लिहा, जसं डेबियन 12 साठी 'बुकवर्म'. ऑगस्ट 2025 मध्ये ट्रिक्सी, म्हणजे डेबियन 13 आली, तेव्हा 'स्टेबल' लिहिलेल्यांची मशीनं तिच्याकडे वळली.

उबुंटू हे दुसरं लिनक्स कामाच्या मशीनवर टाकायचं तर एलटीएसच, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती. मधल्या आवृत्त्यांना 9 महिनेच आधार मिळतो.

आर्चवर (सतत नवं होत राहणारं लिनक्स) अर्धवट, म्हणजे काही पॅकेजांचंच अपडेट करू नका. सगळं करा, नाहीतर काहीच नको.

लॅपटॉप अगदी नवा असेल आणि वायफाय ओळखत नसेल, तर मात्र स्टेबलचा हट्ट सोडा. बॅकपोर्ट्सचा नवा कर्नल (हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा) टाका किंवा सरळ फेडोरा हे नवं सॉफ्टवेअर लवकर देणारं लिनक्स घ्या. घरी शिकायला फेडोरा मलाही आवडतं. फक्त त्याची आवृत्ती साधारण 13 महिनेच चालते, हे धरून चाला.

आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. इन्व्हर्टर भरलेला असल्याशिवाय मी अपग्रेड सुरू करत नाही, आणि फॉर्मच्या दिवसांत तर नाहीच. विम्याची मुदत संपू द्यायची, मग एखाद्या रविवारी बसायचं.