आजीच्या डब्यातले रुपये दाखवायला नेण्याआधी

जुने रुपये नाण्यांच्या पारख्याला दाखवायला नेण्याआधी पहिली तयारी म्हणजे हात आवरणं. रुपये घासू नका. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच, रांगोळी नाहीतर टूथपेस्ट लावून राणीछाप रुपये लखलखीत करायची रीत घरोघर आहे. पूजेला ते शोभतंही. पण चांदीवर वर्षानुवर्षं धरलेला करडा-निळसर थर एकदा निघाला की परत बसायला पुन्हा तितकीच वर्षं लागतात, आणि घासताना पडलेले ओरखडे तर कायमचेच. आमच्याकडच्या 1907च्या एका रुपयाला आईने असंच अभ्यंगस्नान घातलं. त्यावरच्या राजा एडवर्डची दाढी शाबूत आहे, कानाची पाळीही स्पष्ट आहे, पण भिंगाखाली गालावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. दाखवायला नेला तेव्हा समोरच्याने तो दोन सेकंद दिव्याखाली तिरका धरला आणि 'घासलाय' एवढंच म्हणून बाजूला ठेवला. माती फारच असेल तर साध्या पाण्यात बुडवून टिपून घ्या. चोळायचं नाही.

मग सामान. दहापट मोठं दाखवणारं भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, लोहचुंबक, शिवणाचा दोरा, पाण्याचा पेला आणि एकच दिवा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात झिजही लपते आणि रेघाही. नाणं कडेने धरायचं, खाली मऊ कापड अंथरायचं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाणी असतील तर आजच बाहेर काढा, त्यांनी नाण्यावर हिरवट चिकटा येतो.

सगळ्यात जास्त वेळ वजनाला द्या. 1835मध्ये कंपनी सरकारने रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा ठरवला आणि बारा भागांत अकरा भाग चांदी ठेवली. हाच आपला जुना तोळा. (सराफ आता दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, ती गोष्ट वेगळी.) 1939पर्यंत हे प्रमाण टिकलं. हातोहात फिरलेला रुपया 11.5 भरला तर बिचकू नका, 10.8 भरला तर मात्र बिचका. पण वजन जुळलं म्हणजे चांदी ठरली असं नाही. त्यासाठी पेला. अर्धा पेला पाणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, रुपया दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा सोडा. अंगाला बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच हलवून घालवा. काटा आता 1.13 ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवा. तितक्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे चांदी नसलेल्या मिश्रधातूचा, तुकडा 1.34च्या जवळ जातो. 1940 ते 1945च्या रुपयात चांदी निम्मीच आहे, त्यामुळे तिथे 1.22च्या जवळपासचा आकडा आला तर तो खराच समजा. त्या रुपयाच्या कडेला मधोमध खाच आणि तिच्यात नक्षी असते, तीही बघून ठेवा.

लोहचुंबकाचं काम एका मिनिटाचं. 1947चा वाघाचा रुपया चटकन चिकटेल, कारण तो निकेलचा आहे. तो चांदीचा म्हणून जपलेली घरं मी कितीतरी पाहिली आहेत.

आता कड. जुने रुपये कडी लावून गळ्यातल्या माळेत ओवले जात, आणि ती कडी काढून झाळणीचा डाग घासून टाकलेला रुपया 'बंदा' म्हणून खपवला जातो. राजाच्या किंवा राणीच्या डोक्यावरची कड भिंगाखाली सावकाश फिरवा. दाते सपाट झालेत का, तिथला रंग वेगळा आहे का, बुजवलेल्या भोकाचा गोल ठसा दिसतो का? ओतीव नकलेतही कडेवरच सांध्याची रेघ सापडते, शिवाय अक्षरांच्या मुळाशी बारीक खड्डे असतात आणि सगळा उठाव साबणासारखा गुळगुळीत वाटतो. एकाच सालाच्या दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा असेल तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेली आहेत. वाजवून बघायचं असेल तर बोटाच्या टोकावर तोलून हलकी टिचकी मारा. बद्द वाजलं तर पुढे तपासा, खणखणीत वाजलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

सालांचं टिपण घरीच करा. 1862 हे साल 1874 उजाडेपर्यंत रुपयावर तसंच छापलं जात होतं, त्यामुळे 1862 म्हणजे दुर्मीळ असं नाही. 1911च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या पोशाखावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि 1912पासून हत्ती सुधारला. म्हणून 1911च्या नाण्यावर ठसठशीत सोंड दिसली तर सालाचे आकडे नीट तपासा. 1939चा रुपया खरोखर कमी मिळतो, त्यामुळे त्याच्या नकला पुष्कळ. 1818चे रामदरबाराचे किंवा हनुमानाचे 'कंपनीचे' आणे कंपनीने कधी पाडलेच नाहीत. ते घरीच ठेवा.

पेशवाईतले अंकुशी, चांदवडी रुपये निघाले तर वेगळ्या पुडीत बांधा. ते हातोड्याने पाडलेले, ठसा तुकड्यापेक्षा मोठा, म्हणून अर्धी अक्षरं बाहेर गेलेली असणारच. त्यावरचे सराफांचे टोचे, म्हणजे बारीक ठसेही त्या काळच्या पारखीचे आहेत, त्यांना खोट समजू नका.

दर्जा, म्हणजे नाणं किती झिजलंय ते, स्वतः ठरवून चिठ्ठीवर लिहून न्या. राणीचे कानावरचे केस आणि छातीवरची नक्षी, एडवर्डचा कान, पंचम जॉर्जचा मुकुट आणि हत्ती, हे भाग सर्वांत आधी झिजतात. केसांची बट वेगळी दिसत नसेल तर 'व्हेरी फाइन' या मधल्या दर्जाच्या वर जाऊ नका. न वापरलेलं नाणं तिरकं फिरवलं की झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. पॉलिशची चमक जागची हलत नाही. लिहून झालं की एक पायरी खाली उतरा, आपल्या घरच्या नाण्याला आपण नेहमीच जास्त गुण देतो.

आणि पुतण्या न्यू जर्सीहून 'पाठवून दे, इथे विकतो' म्हणाला तर नाही म्हणा. 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याला फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचे आणि कडेचाही.